फॅन बेल्ट बदलला म्हणजे टायमिंग बेल्ट बदलला असं नाही

गणपतीला गावी निघायच्या आधी गाडी दाखवून आणली की खूप जण सांगतात, बेल्ट बदललाय, आता टेन्शन नाही. पण कुठला बेल्ट विचारलं की गप्प, कारण बऱ्याचदा बदललेला असतो तो बाहेरचा फॅन बेल्ट, आणि टायमिंग बेल्ट आत कव्हरखाली जुनाच राहिलेला असतो.

बॉनेट उघडल्यावर दिसतो तो फॅन बेल्ट. त्याला लांबीच्या दिशेने खाचा असतात आणि तो अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा), एसीचा कॉम्प्रेसर, काही गाड्यांत इंजिन गार ठेवणारा वॉटर पंप आणि पॉवर स्टीअरिंगसुद्धा फिरवतो. टायमिंग बेल्टला आडवे दात असतात. क्रँकशाफ्टचे (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) दोन फेरे झाले की कॅमशाफ्टचा (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बरोबर एक व्हायला हवा, ते हा सांभाळतो, म्हणून दात सरकला की व्हॉल्व्ह चुकीच्या वेळी उघडतात.

फॅन बेल्ट ओरडून सांगतो, पावसात डबक्यातून गाडी काढली किंवा सकाळी दमट हवेत स्टार्ट मारला की चींऽऽ. तुटला तर बॅटरीचा लाल दिवा लागतो, स्टीअरिंग जड होतं, वॉटर पंप त्यावर असेल तर इंजिन तापतं. वैताग आहे, पण लगेच गाडी बाजूला घेऊन बंद केलीत तर इंजिन वाचतं. टायमिंग बेल्ट बहुतेक वेळा काहीच सांगत नाही. कशेडी घाटाच्या चढाला तुटला तर इंजिन तिथेच बंद, आणि डिझेल असेल तर जवळजवळ नक्कीच पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आपटून व्हॉल्व्ह वाकतात. अशा वेळी स्टार्टर नेहमीपेक्षा हलका, भरभर फिरतो. तसं वाटलं की परत परत स्टार्ट मारू नका, प्लीज, आत जे वाचलंय तेही जाईल.

आपल्याकडे अजून एक गोष्ट होते. गाडी वर्षभर पडवीत उभी, मुंबईची मंडळी शिमग्याला आणि गणपतीला आली की तेवढीच फिरते, म्हणून मीटरवर किलोमीटर कमी आणि मालक निश्चिंत. पण रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं. मॅन्युअलमध्ये किलोमीटर आणि वर्षं दोन्ही दिलेली असतील तर जे आधी भरेल ते धरायचं, आणि कॅम किंवा क्रँकच्या सीलमधून ऑइल गळून बेल्टवर येत असेल तर तेवढीही वाट बघू नका.

आता घरी करायचं म्हटलं तर फॅन बेल्ट बऱ्याच गाड्यांत जमतो. इंजिन गार, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली, बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर ढिला करून जुना काढायचा, नवा त्याच वाटेने बसवायचा, आधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा. टायमिंग बेल्टला मात्र क्रँक पुली काढावी लागते, पुष्कळ गाड्यांत एका बाजूचं इंजिन माउंटिंगही, म्हणजे इंजिनाला खालून आधार हवा, आणि गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली हात घालायचाच नाही, स्टँड हवेतच. क्रँक आणि कॅमच्या खुणा जुळवूनच जुना बेल्ट काढायचा, टेन्शनर आणि आयडलरही (बेल्टला वाट देणारी पुली) नवे घ्यायचे, नवा बेल्ट दुमडायचा नाही. बसवून झाल्यावर पान्याने क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवायचा, खुणा परत बघायच्या, आणि मध्येच कुठे अडला तर जोर लावायचा नाही, तिथेच थांबायचं. डस्टरच्या १.५ डिझेलचं तर, कॅम आणि क्रँक धरणाऱ्या पिना नसतील तर त्या इंजिनाला घरी हात लावूच नये असं माझं स्पष्ट मत. वॉटर पंपही त्यात टायमिंग बेल्टवरच फिरतो, तो त्याच वेळी बदला, परत सगळं उघडायला लागत नाही.

आणि आधी बघा की टायमिंग बेल्ट आहे तरी का. स्विफ्टच्या १.३ डिझेलला त्याच्या जागी चेन आहे.

काम गॅरेजला दिलंत तर बिलावर नुसतं 'बेल्ट' नको, 'टायमिंग बेल्ट, टेन्शनर' असं लिहून घ्या, जुने पार्ट मागून घ्या, आडवे दात आहेत का ते हातात धरून बघा, आणि वरच्या कव्हरवर मार्करने तारीख आणि किलोमीटर लिहून टाका.