ब्रिन मॉर उन्हाळी शाळा

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात, ब्रिन मॉर या मुलींच्या महाविद्यालयाच्या आवारात १९२१ ते १९३८ दरम्यान भरत असलेली कामगार स्त्रियांची निवासी शाळा. कल्पना महाविद्यालयाच्या अध्यक्षा आणि स्त्रीमताधिकाराच्या पुरस्कर्त्या एम. केरी टॉमस यांची. ती चालवून दाखवली संचालिका हिल्डा स्मिथ यांनी.

सत्र आठ आठवड्यांचे, विद्यार्थिनी सुमारे १००, वय साधारण २० ते ३५. इंग्रजी लिहितावाचता येणे पुरे, मात्र कारखान्याचा अनुभव हवा आणि तोही प्रत्यक्ष यंत्रावरचा; देखरेख करणाऱ्या बाईला प्रवेश नसे. युनियनमधल्या आणि युनियनबाहेरच्या जवळपास निम्म्या-निम्म्या घेत. शिष्यवृत्तीत राहणे, जेवण, शिकवणी बसे. बुडालेली मजुरी बसत नसे. दोन महिन्यांनी परत गेल्यावर जागा शिल्लक असेल याचीही खात्री नसे, आणि शिकायची इच्छा असूनही अनेकजणी अडत त्या इथेच.

अर्थशास्त्र आणि इंग्रजी हे मुख्य विषय. अर्थशास्त्राला तयार पाठ्यपुस्तक फारसे उपयोगी पडत नसे. मग प्रत्येकीने आपली मजुरी, कामाचे तास, बेकारीचे आठवडे मांडायचे आणि त्यांची तुलना करता करता मजुरीच्या सिद्धांतापर्यंत यायचे. इंग्रजीच्या निबंधांनाही विषय कारखान्याचाच.

शिकलेले लगेच लागू करण्याची खोड मात्र यजमानांना जड गेली. पहिल्याच उन्हाळ्यात विद्यार्थिनींनी वसतिगृहातल्या मोलकरणींचे कामाचे तास कमी करा अशी मागणी केली. या मोलकरणी बहुतेक कृष्णवर्णीय, पण शाळेत मात्र एकही कृष्णवर्णीय विद्यार्थिनी नव्हती. टॉमसबाईंचा स्त्रीवाद वर्णाच्या रेषेशी थबकत होता. पहिल्या पाच कृष्णवर्णीय विद्यार्थिनी आल्या १९२६ मध्ये, त्याही कामगार स्त्रियांनी विषय लावून धरल्यावर. कारभाराच्या मंडळात कामगार प्रतिनिधींनाही निम्म्या जागा मिळाल्या.

१९३४ मध्ये न्यू जर्सीतल्या सीब्रुक फार्मवर शेतमजुरांचा संप झाला. शाळेचे काही शिक्षक तिकडे गेले आणि महाविद्यालयाचे विश्वस्त बिथरले. परिणामी १९३५ चे सत्र ब्रिन मॉरमध्ये झालेच नाही. पुढच्या वर्षी शाळा परतली, तरी विश्वास परतला नाही. १९३९ मध्ये ती न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीकाठी, स्मिथ यांच्या घराण्याच्या वास्तूत गेली. नाव बदलून हडसन शोअर लेबर स्कूल झाले आणि पुरुषांनाही प्रवेश मिळू लागला.