पार्श्वभूमी : अमूर्त एचिंग आणि मोजक्या प्रतींचा वाद

मुद्राचित्राखाली, म्हणजे कोरलेल्या पत्र्यावरून (प्लेटवरून) किंवा तशाच साच्यावरून कागदावर छापलेल्या चित्राखाली, पेन्सिलीने सही करायची आणि 12/50 (पन्नास प्रतींतली बारावी) असा क्रमांक टाकायचा, ही चाल वाटते तितकी जुनी नाही. सही रुळली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि क्रमांक सर्रास दिसू लागले विसाव्या शतकात. त्याआधी तांब्याचा पत्रा झिजेपर्यंत छपाई चाले. 1857 मध्ये तांब्यावर लोखंडाचा पातळ मुलामा चढवायची युक्ती निघाली आणि एकाच प्लेटमधून हजारो प्रती काढणं शक्य झालं. गंमत अशी, की प्रती मोजक्या ठेवायची तांत्रिक गरज सरली आणि मग मोजक्या प्रतींना भाव आला.

एचिंग, म्हणजे आम्लाने पत्र्यावर रेषा कोरून छापायची पद्धत, अमूर्ताकडे वळलं त्यात 1927 साली पॅरिसमध्ये सुरू झालेल्या एका कार्यशाळेचा वाटा मोठा. आधी रेखाटन करून ते पत्र्यावर उतरवायचं, ही सवय तिथे मोडली. कोरणी जवळपास स्थिर ठेवून पत्राच फिरवायचा, आणि रेष जाईल तिकडे जाऊ द्यायची. युद्धामुळे ही कार्यशाळा 1940 मध्ये न्यूयॉर्कला गेली आणि 1950 मध्ये पॅरिसला परतली. 1950 च्या दशकातच तिथे एकाच प्लेटवरून, एकाच दाबात अनेक रंग छापायची रीत पक्की झाली. ती घडवणाऱ्यांत दोन भारतीय होते. आम्लाने पत्रा वेगवेगळ्या खोलीपर्यंत खायचा. कडक रोलरने पातळ, तेलकट शाई वरच्या थरावर बसते. मऊ रोलर खोलवर पोचतो. त्यावरची घट्ट शाई तेलकट शाईवर धरत नाही, खालीच बसते.

खरा गुंता झाला ‘मूळ मुद्राचित्र’ कशाला म्हणायचं यावरून. फोटोवरून छापलेल्या नकलांवर सह्या करून त्या खपवल्या जात होत्या, म्हणून 1961 मध्ये अमेरिकेत एका पुस्तिकेने तीन अटी घातल्या : प्लेटवरची प्रतिमा कलावंताने स्वतः घडवलेली हवी, छपाई त्याने किंवा त्याच्या सूचनेनुसार झालेली हवी, आणि तयार प्रतीला त्याची पसंती हवी. 1964 मध्ये फ्रान्समधली व्याख्या आणखी कडक झाली. सगळं काम हाताचं हवं, यांत्रिक आणि छायायांत्रिक (फोटोच्या मदतीने छापायच्या) प्रक्रिया बाद. नेमक्या त्याच सुमारास फोटो वापरून केलेली स्क्रीन-छपाई (जाळीदार पडद्यातून शाई दाबून केलेली) कलादालनांत मानाने मिरवत होती. व्याख्या निघाली तेव्हाच ती जुनी झाली होती, असं म्हणायला हरकत नाही.

तिसऱ्या अटीचीही लवकरच परीक्षा झाली. पुढे कॅनव्हासवर रंग ठिबकवून जगप्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चित्रकाराने 1944-45 मध्ये याच कार्यशाळेत, न्यूयॉर्कला, काही प्लेट कोरल्या होत्या. त्याने त्यांची आवृत्ती, म्हणजे ठरावीक संख्येच्या प्रती, कधी काढली नाही. तो 1956 मध्ये गेला, आणि 1967 मध्ये त्यातल्या सात प्लेटच्या प्रत्येकी 50 प्रती छापल्या गेल्या. रेष त्याचीच, पण त्याची पसंती आणायची कुठून? 1961 च्या अटी शब्दशः लावल्या तर या प्रती बाद ठरतात. संग्रहालयांनी मात्र त्या आनंदाने घेतल्या, आणि ते योग्यच झालं. अमूर्त चित्रकलेचा तो टप्पा कसा घडला, हे त्या रेषांत स्पष्ट दिसतं. मरणोत्तर छपाई असल्याचं लपवलं नाही, एवढं पुरे.

दुसरं टोक 1974 मध्ये दिसलं. अँडोराच्या सीमेवर फ्रेंच कस्टम्सने अडवलेल्या एका ट्रकमध्ये एका नामवंत अतिवास्तववादी चित्रकाराच्या सहीचे हजारो कोरे कागद सापडले. सही आधी, चित्र नंतर! अमेरिकेच्या काही राज्यांनी याच दशकात विक्रेत्यांना आवृत्तीची संख्या आणि छपाईची पद्धत लेखी द्यायला भाग पाडलं.

1990 च्या दशकापासून इंकजेटवर काढलेल्या नकलाही ‘मर्यादित आवृत्ती’ म्हणून विकल्या जातात. तिथे पत्रा नाही, झीज नाही, आणि आवृत्ती संपल्यावर प्लेटवर आडवी रेघ मारून ती रद्द करायची जुनी रीत पाळायला प्लेटही नाही. फाइल तशीच राहते, आणि पुढची प्रत काढायची नाही हा फक्त विक्रेत्याचा शब्द असतो.