रॅम वाढवायची का? एका जुन्या सल्ल्याची कुळकथा

घरचा कॉम्प्युटर रखडायला लागला की पहिला सल्ला ठरलेला: "रॅम वाढव." रॅम म्हणजे चालू काम हाताशी ठेवणारी, कॉम्प्युटरची मुख्य मेमरी. सल्ला देणाऱ्याने मशीन पाहिलेलंही नसतं. तरी एका काळात हा सल्ला बहुतेक वेळा बरोबर निघायचा. तो काळ कशामुळे आला आणि आता का सरत चाललाय, हे कळलं की खर्च करावा की नाही हे ठरवणं पुष्कळ सोपं जातं.

सुरुवात टंचाईपासून करावी लागते. 1950-60 च्या दशकांतली मेमरी म्हणजे बारीक तारांत ओवलेल्या चुंबकीय कड्यांची जाळी. एका कडीत एक बिट, म्हणजे एक शून्य किंवा एक. ती महाग होती आणि विणायला वेळ खाणारी. मँचेस्टर विद्यापीठातल्या, 1962 मध्ये कामाला लागलेल्या अ‍ॅटलस कॉम्प्युटरकडे अशी मेमरी थोडीच होती, पण जोडीला तिच्या सहापट साठा असलेला फिरता चुंबकीय ड्रम होता. तो बनवणाऱ्यांनी एक युक्ती काढली. दोन्ही मिळून एकच मोठी मेमरी आहे असं प्रोग्रामला भासवायचं, लागेल ते पान, म्हणजे मेमरीचा ठरावीक मापाचा तुकडा, ड्रमवरून आत घ्यायचं, नको ते बाहेर ठेवायचं. हीच व्हर्च्युअल मेमरी. मेमरीत न मावलेली पानं डिस्कवर ठेवणारी विंडोजची पेजफाइल आणि लिनक्सचा स्वॅप हे तिचेच वंशज.

या युक्तीची किंमत कॉम्प्युटर शास्त्रज्ञ पीटर डेनिंग यांनी 1968 मध्ये नेमकी मांडली. प्रोग्रामला त्या त्या वेळी लागणाऱ्या पानांच्या संचाला त्यांनी वर्किंग सेट म्हटलं. तो मेमरीत मावेनासा झाला की मशीन हळूहळू मंदावत नाही, एकदम बसतं. एक पान आत घ्यायला दुसरं बाहेर टाकायचं, आणि नेमकं तेच पुढच्या क्षणी परत हवं असतं. सगळा वेळ या ने-आणीत जातो. याला थ्रॅशिंग म्हणतात. माझ्या मते रॅमच्या निर्णयाचं सगळं मर्म इथे आहे. रॅम वाढवल्याने प्रोसेसर पळायला लागत नाही. वर्किंग सेट आधीच मावत असेल तर जास्तीची रॅम फार तर फायलींच्या कॅशसाठी, म्हणजे पुन्हा लागतील अशा फायलींची प्रत हाताशी ठेवायला, वापरली जाते. मावत नसेल, तर मात्र रॅम टाकल्यावर तेच मशीन ओळखू येत नाही.

का, ते आकड्यांत पाहा. रॅममधून काही आणायला साधारण 100 नॅनोसेकंद लागतात, फिरत्या हार्ड डिस्कवरून साधारण 10 मिलिसेकंद. म्हणजे लाखपट. रॅमला एक सेकंद लागतो असं धरलं, तर डिस्कची वाट सव्वा दिवसापेक्षा थोडी कमी पाहावी लागेल.

मेमरी घरात शिरण्याइतकी स्वस्त झाली ती आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांच्यामुळे. 1966 मध्ये त्यांना सुचलेली रचना अगदी साधी होती: एका बिटाला एक ट्रान्झिस्टर (विजेचा बारीक स्विच) आणि एक विद्युतभार साठवणारा कपॅसिटर. या इवल्याशा कपॅसिटरमधला विद्युतभार गळत राहतो, म्हणून तो पुन्हा पुन्हा भरावा लागतो. आजच्या रॅममध्येही प्रत्येक बिट सर्वसाधारणपणे दर 64 मिलिसेकंदांच्या आत ताजा करावा लागतो. इंटेलची 1103 ही चिप 1970 मध्ये आली, 1,024 बिटांची. कड्यांच्या जाळ्यांना तिने थोड्याच वर्षांत घरी बसवलं.

आयबीएम पीसी 1981 मध्ये आला तेव्हा सगळ्यात साध्या मॉडेलमध्ये 16 किलोबाइट मेमरी होती. आज 16 गिगाबाइट ही नेहमीची गोष्ट आहे, म्हणजे दहा लाख पटींहून जास्त. त्या पीसीत मेमरी वाढवायची तर एकेक चिप हाताने सॉकेटमध्ये बसवायची. एका ओळीत नऊ चिपा, आठ डेटाच्या आणि एक पॅरिटीची, म्हणजे चूक ओळखण्यासाठी. चिपचा पाय वाकला की संपलं. पुढे चिपा एका छोट्या पट्टीवर बसवून ती पट्टीच खाचेत घालायची सोय झाली, आणि रॅम वाढवणं घरच्या माणसाच्या आवाक्यात आलं.

तरी नियम होतेच. पेंटियमच्या काळातल्या 72 पिनांच्या पट्ट्या जोडीनेच लावाव्या लागत, कारण प्रोसेसरचा डेटा मार्ग 64 बिटांचा आणि पट्टी 32 ची. पुढच्या, 64 बिटांच्या डीआयएमएम पट्ट्यांनी ती अट घालवली. मग डीडीआर नावाच्या रॅमच्या प्रत्येक पिढीची खाच वेगळ्या जागी आली: डीडीआर 3 ची पट्टी डीडीआर 4 च्या स्लॉटमध्ये बसत नाही, आणि ते बरंच आहे, कारण पहिलीला 1.5 व्होल्ट लागतात, दुसरीला 1.2.

सल्ल्याचा सुवर्णकाळ 1995 च्या आसपासचा. विंडोज 95 ची किमान गरज 4 मेगाबाइट होती, शिफारस 8 ची. 4 वर ते चालायचं, पण कसं चालायचं ते ज्यांनी सोसलं त्यांना आठवत असेल. मेन्यू उघडला की डिस्कची खरखर सुरू, कॅबिनेटवरचा दिवा विझायचं नाव घेत नाही. थ्रॅशिंग कानांनी ऐकू यायचं. अशा मशीनमध्ये आणखी 4 मेगाबाइट टाकले की खरखर थांबायची, आणि "रॅम वाढव" हे वाक्य ऐकणाऱ्याच्या मनात कायमचं कोरलं जायचं. त्यातच जपानमधल्या निइहामा इथे 1993 साली चिपांसाठी लागणारं इपॉक्सी रेझिन बनवणाऱ्या कारखान्यात स्फोट होऊन मेमरीचे भाव भडकले होते. लोक इतके आसुसलेले होते की सॉफ्टरॅम 95 नावाचं, मेमरी दुप्पट करण्याचा दावा करणारं सॉफ्टवेअर धडाक्यात विकलं गेलं. ते दावा केलेलं काम करतच नव्हतं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनला त्यात हात घालावा लागला.

नंतर एक भिंत आडवी आली. 32 बिटांत मेमरीचे 4 गिगाबाइटपर्यंतचेच पत्ते मावतात, आणि त्यातले काही ग्राफिक्स कार्ड वगैरेंकडे जातात. 32 बिटांच्या विंडोजवर 4 गिगाबाइट टाकून स्क्रीनवर तीन-सव्वातीनच दिसले, म्हणून पट्टी खराब आहे असं समजून ती काढून, सोनेरी पट्ट्यांवर खोडरबर फिरवून, दोन्ही बाजूंच्या क्लिपा खट् वाजेपर्यंत दाबून मी पुन्हा बसवली आहे. पट्टी चांगलीच होती. 64 बिटांची विंडोज टाकल्यावर बाकीची मेमरी दिसायला लागली.

मग दोन बदल झाले, आणि दोन्ही या निर्णयाच्या मुळाशी गेले.

पहिला एसएसडीचा, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपांवर साठवणाऱ्या डिस्कचा. ती साधारण 100 मायक्रोसेकंदांत उत्तर देते. वरच्या हिशोबात सव्वा दिवसाऐवजी पाऊण तासाहून खूप कमी, सतराएक मिनिटं. शिवाय आवाज नाही. मेमरी कमी पडत असली तरी मशीन आता बसत नाही, नुसतं अधूनमधून अडखळतं. म्हणून ऐकण्याऐवजी पाहावं लागतं, आणि तिथेही फसगत होते. 2007 च्या विंडोज व्हिस्टापासून रिकामी रॅम मुद्दाम कॅशने भरून ठेवायची पद्धत रुळली, त्यामुळे "मोकळी" रॅम जवळजवळ शून्य दिसणं हा आजार नव्हे. विंडोजमध्ये कोण किती मेमरी खातंय ते दाखवणाऱ्या टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर "अव्हेलेबल" किती उरते ते आपल्या सगळ्यात जड कामाच्या ऐन मध्यात पाहायचं. तिथे दोन-तीन गिगाबाइट शिल्लक राहत असतील, तर रखडण्याचं कारण दुसरीकडे शोधायचं. मशीनमध्ये अजून फिरती डिस्क असेल, तर मी रॅमच्या आधी तीच बदलेन.

दुसरा बदल मला जास्त खुपतो. 2012 च्या रेटिना डिस्प्लेवाल्या मॅकबुक प्रोमध्ये रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली होती, आणि पुढे पातळ लॅपटॉपांची तीच रीत झाली. कमी विजेवर चालणाऱ्या एलपीडीडीआर मेमरीला प्रोसेसरपर्यंतचा रस्ता आखूड लागतो, हे त्यामागचं खरं तांत्रिक कारण आहे. पण त्यामुळे गरज पडेल तेव्हा ठरवायची गोष्ट खरेदीच्या दिवशीच, चार-पाच वर्षं पुढचा अंदाज बांधून ठरवावी लागते. अशा लॅपटॉपला स्लॉटच नसतो.

डिसेंबर 2023 मध्ये जेडेक या मानक संस्थेने कॅम 2 नावाचं नवं मॉड्यूल जाहीर केलं. ते बोर्डावर आडवं ठेवून स्क्रूने आवळायचं असतं, आणि त्यात एलपीडीडीआरही बसते. पातळ लॅपटॉपचं झाकण उघडून रॅम बदलायची वाट त्याने पुन्हा मोकळी झाली आहे, अर्थात लॅपटॉप बनवणाऱ्यांनी ते वापरलं तर.