दारुमूर्ती

लाकडात कोरलेली देवाची मूर्ती ती दारुमूर्ती किंवा काष्ठमूर्ती. ‘दारु’ म्हणजे संस्कृतात लाकूड. मराठीतल्या दीर्घ ऊकाराच्या ‘दारू’शी त्याचे काही नाते नाही, ‘देवदार’ या झाडाच्या नावात मात्र तो शब्द अजून टिकून आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधात प्रतिमेचे आठ प्रकार सांगणारा ‘शैली दारुमयी लौही’ असा श्लोक आहे. त्यात दगडाच्या पाठोपाठ लाकूड येते, धातू, माती-चुन्याचा लेप, चित्र, वाळू हे सगळे नंतर. वराहमिहिराच्या सहाव्या शतकातील ‘बृहत्संहिते’त लाकडी आणि मातीची प्रतिमा आयुष्य, लक्ष्मी, बल आणि जय देते असे म्हटले आहे.

असे असूनही खूप जुन्या दारुमूर्ती आज हाताला लागत नाहीत. कार्ल्याच्या चैत्यगृहातील छताच्या लाकडी कमानी सुमारे दोन हजार वर्षे टिकल्या, त्या डोंगराच्या पोटात होत्या म्हणून. उघड्या देवळातल्या लाकडाला वाळवी, बुरशी, दिव्याची ठिणगी आणि पावसाळा यांतले काही ना काही गाठतेच. पूजा करायची ती अविनाशी देवाची, आणि ती ज्या वस्तूवर करायची ती काही दशकांत पोकळ होणारी. दारुमूर्तींची सगळी परंपरा, झाड निवडण्यापासून जुनी मूर्ती पुरण्यापर्यंत, या अडचणीभोवती उभी राहिली आहे. निरनिराळ्या प्रांतांनी तिला निरनिराळी उत्तरे शोधली.

झाड कोणते, कसे तोडायचे

‘बृहत्संहिते’त यासाठी ‘वनसंप्रवेश’ नावाचा स्वतंत्र अध्याय आहे. स्मशानातले, वाटेवरचे, देवळाजवळचे, वारुळावरचे, बागेतले, आश्रमातले, नदीसंगमावरचे झाड घेऊ नये. घड्याने पाणी घालून वाढवलेले, वेलींनी आवळलेले, विजेने किंवा वादळाने मोडलेले झाडही नको. देवदार, चंदन, शमी आणि मोह ही झाडे ब्राह्मणांच्या प्रतिमांसाठी सांगितली आहेत आणि पुढे इतर वर्णांच्या झाडांच्या याद्या येतात. तोडण्याआधी रात्री झाडाची पूजा करून त्यात राहणाऱ्या भूतांना दुसरीकडे जाण्याची विनंती करायची. पहाटे झाडाला पाणी घालून, मध-तूप लावलेल्या कुऱ्हाडीने ईशान्येकडून पहिला घाव घालायचा.

या अध्यायातली एक सूचना थेट सुताराच्या कामाची आहे. झाड उभे असतानाच खोडावर चारी दिशांच्या आणि वर-खाली कोणते याच्या खुणा करून ठेवायच्या, कारण झाड जसे उभे होते तशीच मूर्ती उभी राहिली पाहिजे. लाकूड उलटे लावू नये हा दंडक खांब रोवणारे सुतारही पाळत आले. इथे त्याला धर्माचे बळ मिळाले एवढेच.

घडण

ओल्या लाकडात कोरलेली मूर्ती वाळताना तडकते, म्हणून ओंडका आधी सावलीत सुकवतात. तडा बहुधा खोडाच्या मध्यबिंदूपासून बाहेर जातो, त्यामुळे मोठ्या मूर्तीला शक्य तर मध्य टाळून फाळ घेतात किंवा पाठीमागून लाकूड पोखरतात. सालीलगतचे फिकट रसकाष्ठ किड्यांना आवडते. ते काढून आतले गडद मध्यकाष्ठ वापरायचे.

मापे तालमानाची. एक ताल म्हणजे बारा अंगुळे, साधारण चेहऱ्याची उंची. नवतालाची मूर्ती 108 अंगुळांची. मधोमध सूत धरून रेघ आखतात आणि दोन्ही अंगांची मापे तिच्यापासून मोजतात. मग करवत आणि वाकस यांनी ढोबळ आकार, नंतर मोगरी आणि पटाशा. सपाट पटाशीने पातळ्या निघतात, गोल पटाशीने गाल, पोट आणि वस्त्रांच्या चुण्या. लाकडाला नस, म्हणजे तंतूंची दिशा, असते, दगडाला ती नसते. नसेच्या उलट पटाशी मारली की ढलपी नको तिथून निघते आणि बोट किंवा नाक घेऊन जाते. आडव्या पसरलेल्या हातात नस आडवी पडते व तो पटकन तुटतो. त्यासाठी हात वेगळ्या तुकड्यात कोरून कुसू घालून खांद्यात बसवतात. ज्या मूर्तींचे हात अंगाला चिकटलेले किंवा आखूड आहेत, त्यांच्याकडे पाहताना झाडाच्या खोडाची ही मर्यादाही लक्षात ठेवावी. डोळे सर्वांत शेवटी, विधीपूर्वक. त्याला नेत्रोन्मीलन म्हणतात.

पुरी : मूर्ती बदलणे

ओडिशातील पुरीचा जगन्नाथ ही देशातली सर्वांत प्रसिद्ध दारुमूर्ती. जगन्नाथ, बलभद्र, सुभद्रा आणि सुदर्शन या चारही मूर्ती कडुनिंबाच्या. निंबाच्या कडूपणाला कीड लवकर शिवत नाही, हे धान्यात पाला घालणाऱ्या कोणालाही सांगायला नको. जगन्नाथाला ‘दारुब्रह्म’ म्हणतात. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात समुद्रापार तरंगणाऱ्या, कोणी धनी नसलेल्या लाकडाचा उल्लेख आहे. वेदांचे भाष्यकार सायणाचार्यांनी तो जगन्नाथाशी जोडला. मूळ सूक्त अलक्ष्मीला हाकलण्याचे आहे, तेव्हा हा अर्थ नंतरचा धरणे बरे. लोकांना जास्त परिचित कथा इंद्रद्युम्न राजाची : म्हाताऱ्या सुताराच्या रूपात आलेल्या विश्वकर्म्याने एकवीस दिवस दार उघडू नका असे बजावले, राणी गुंडिचेला धीर धरवला नाही, आणि मूर्ती हातापायांवाचून अर्ध्याच राहिल्या.

ज्या वर्षी अधिक आषाढ येतो त्या वर्षी जुन्या मूर्तींच्या जागी नव्या बसवतात. हे नवकलेवर. गेल्या शतकात ते 1912, 1931, 1950, 1969, 1977 आणि 1996 साली झाले, त्यानंतर 2015 साली. यातले बहुतेक अंतर 19 वर्षांचे आहे, कारण चांद्र आणि सौर कालगणना साधारण तेवढ्या काळात पुन्हा जुळते. एकदा 8 वर्षांतच योग आला. एवढ्या अवधीत निंबाचे लाकूड ढासळत नाही. तरी ते ढासळण्याची वाट न पाहता पंचांगाने दिवस ठरवून टाकला, ही या व्यवस्थेची हुशारी.

झाडाचा शोध दइतापती नावाचे सेवक घेतात. ते स्वतःला कथेतल्या विश्ववसू या शबर आदिवासी प्रमुखाचे वंशज मानतात. चैत्र शुद्ध दशमीला निघून ते काकटपूरच्या मंगला देवीपाशी जातात आणि स्वप्नात दिशा मिळाल्यावर झाडे शोधू लागतात. जगन्नाथाच्या झाडाला सावळी साल, चार मुख्य फांद्या आणि खोडावर शंखचक्रासारख्या खुणा लागतात. बलभद्राचे फिकट, सात फांद्यांचे. सुभद्रेचे पिवळसर, पाच फांद्यांचे. सुदर्शनाचे तांबूस, तीन फांद्यांचे. जवळ पाणी हवे, स्मशान हवे, वारूळ हवे. वराहमिहिराने स्मशान आणि वारूळ स्पष्ट नाकारले होते. पुरीला नेमके तेच पाहिजे. पुस्तकी शास्त्राच्या आधीची, शबरांची पूजा इथे खाली दबलेली आहे, असा तर्क त्यामुळे अभ्यासक करतात आणि तो पटण्यासारखा आहे. 2015 साली जगन्नाथाचे झाड जगतसिंहपूर जिल्ह्यातील खरिपडिया येथे मिळाले.

सोन्याच्या, चांदीच्या आणि शेवटी लोखंडाच्या कुऱ्हाडीने झाड तोडून ओंडके लाकडी गाड्यांवरून देवळाच्या आवारातील कोइली वैकुंठ येथे आणतात. घडण बंद जागेत होते. मग एका रात्री जुन्या मूर्तीच्या पोटातील ‘ब्रह्मपदार्थ’ नव्या मूर्तीत ठेवतात. ठेवणाऱ्याचे डोळे बांधलेले आणि हात कापडाने गुंडाळलेले असतात, त्यामुळे तो पदार्थ काय आहे हे त्यालाही कळत नाही. जुन्या मूर्ती कोइली वैकुंठातच पुरतात आणि दइतापती घरातला कर्ता माणूस गेल्यासारखे सुतक पाळतात.

भक्ताला जे दिसते ते खरे तर लाकूड नव्हे. निंबाच्या सांगाड्यावर रेशमी धागे, राळ, सुगंधी द्रव्ये आणि कापडाचे थर चढवून वर रंग देतात. रंग टिकावा म्हणून रोजचे स्नान आरशातल्या प्रतिबिंबाला घालतात. ज्येष्ठ पौर्णिमेला मात्र 108 कलशांचे पाणी प्रत्यक्ष मूर्तींवर पडते, रंग धुपतो, आणि देवाला ताप आला म्हणून पंधरा दिवस दर्शन बंद राहते. या ‘अणसर’ काळात रंगाचे काम उरकते आणि भाविक पटावर काढलेल्या चित्रांपुढे हात जोडतात. डागडुजीच्या सुट्टीला आजारपणाचे नाव देणारी ही कल्पना मोठी गोड आहे. ओडिशा 1751 ते 1803 नागपूरकर भोसल्यांकडे होता व देवस्थानाची देखरेखही त्यांच्याच कारभारात होती.

कांचीपुरम आणि केरळ

तमिळनाडूतील कांचीपुरमने उलटी वाट धरली. वरदराज पेरुमाळ मंदिराच्या पुष्करिणीत ‘अत्ति वरदर’ ही विष्णूची मोठी मूर्ती पाण्याखाली ठेवलेली असते आणि 40 वर्षांतून एकदा बाहेर काढतात. 1939, 1979 आणि 2019 ही गेली तीन वर्षे. 2019 साली 1 जुलैपासून 48 दिवस दर्शन होते. आधी मूर्ती निजलेली, मग ऑगस्टपासून उभी. पुढची वेळ 2059.

‘अत्ति’ म्हणजे आपला उंबर. मराठी माणसाला उंबर म्हटले की दत्त आठवतो आणि त्यावर कुऱ्हाड चालवायला तो कचरतो. उंबराचे लाकूड हवेत फारसे टिकाऊ नाही, पाण्याखाली मात्र चांगले टिकते. विहिरीच्या तळाच्या कड्यांसाठी ते पूर्वी वापरत. बुरशीला ओल लागते तशी हवाही लागते. पाण्यात रोवलेला खांब कुजतो तो पाण्याच्या रेषेपाशी, तळाशी नव्हे. परचक्राच्या भीतीने मूर्ती पाण्यात लपवली अशी आख्यायिका आहे. कारण कोणतेही असो, जागा लाकडाला मानवली.

केरळात भगवतीच्या लाकडी मूर्ती पुष्कळ. कोडुंगल्लूरची भगवती फणसाच्या लाकडाची मानतात. अशा मूर्तींना पाण्याचा अभिषेक चालत नाही. त्याऐवजी सागापासून काढलेला काळसर अर्क लावतात. या विधीला ‘चान्ताट्टम’ म्हणतात. सागातली तैले लाकडाला किडीपासून जपतात, तेव्हा ही पूजा आणि निगा दोन्ही एकाच हाताने होते.

कर्नाटक, महाराष्ट्र, गोवा

उडुपीजवळच्या मेक्केकट्टूला भूतपूजेतील (भूत म्हणजे इथे गावाचे रक्षक दैवत) माणसाहून मोठ्या, भडक रंगांच्या लाकडी मूर्ती आहेत. तिथल्या जुन्या मूर्ती दिल्लीच्या राष्ट्रीय हस्तकला संग्रहालयात पाहता येतात. सागर आणि सोरब भागातील गुडिगार कारागिरांचे चंदनकाम अगदी वेगळे : मूर्ती लहान, कोरीव बारीक, रंग नाही. चंदनाचे खोडच बारीक, आणि रंगाने त्याचा वास मारायचा कशाला! भुसासुद्धा वाया जात नाही.

महाराष्ट्रात गाभाऱ्यात दगड आणि धातूचेच राज्य राहिले. लाकडातला देव इथे उंबरठ्यावर भेटतो, वाड्याच्या चौकटीवरच्या गणेशपट्टीत. सिंधुदुर्गातील गावऱ्हाटीत, म्हणजे गावदेवांच्या पारंपरिक व्यवस्थेत, देवतांचे ‘तरंग’ नाचवतात. लाकडी खांबावर मुखवटा आणि त्याला गुंडाळलेली लुगडी असा तो देव असतो. डहाणू-तलासरीकडे वारली लोक वाघ, चंद्र-सूर्य कोरलेला लाकडी वाघदेव शिवेवर उभा करतात. त्यावर छप्पर नसते; ऊन-पावसात तो झिजतो आणि झिजला तरी कोणाचे बिघडत नाही. गोव्यात देवळांचे रथ आणि लालख्या (पालखीसारखी देवाची वाहने) कोरणारे ‘चारी’ या सुतार समाजाचे कारागीर आहेत. पोर्तुगीज काळात चर्चमधल्या संतांच्या मूर्तींवरही स्थानिक हिंदू हात चालले. चर्चला ते रुचत नसे, पण तयार हात तेच होते.

आजचे काम

दक्षिणेत देवळांचे रथ आणि वाहने यांमुळे हा धंदा तग धरून आहे. तमिळनाडूच्या पेरंबलूर जिल्ह्यातील अरुंबावूरच्या लाकडी कोरीवकामाला 2020 साली भौगोलिक मानांकन मिळाले. शिरीषासारखे मध्यम जड लाकूड तिथे चालते. तिरुपतीकडे रक्तचंदनाच्या मूर्ती करतात, पण हे झाड पूर्व घाटाच्या दक्षिण भागातच वाढते व त्याचा व्यापार आंतरराष्ट्रीय निर्बंधांखाली आहे. चंदनाचे झाड मालकाच्या जमिनीत असले तरी पूर्वी कर्नाटकात सरकारचे असे; 2001 च्या कायदादुरुस्तीने ते जमीनमालकाचे झाले. संगणकावर चालणारी कोरणयंत्रे आता ढोबळ आकार आणि सारखी नक्षी तासाभरात काढतात. यंत्र नस ओळखत नाही, म्हणून गाठ आली की तिथे पुन्हा पटाशी हातात घ्यावी लागते.