पश्चात्तापाची प्रार्थना : पार्श्वभूमी

पश्चात्तापाची प्रार्थना कॅथलिक भाविक पापकबुलीच्या संस्कारात, धर्मगुरूंपुढे पापे सांगितल्यावर म्हणतात. वसई १५३४ साली पोर्तुगीजांकडे गेली आणि त्रेंत येथील कॅथलिक धर्मपरिषदेने पश्चात्तापाची व्याख्या केली ती १५५१ साली. उत्तर कोकणातला ख्रिस्ती समाज घडत होता त्याच काळात ही शिकवण त्रेंतमध्ये नव्याने बांधली जात होती. केलेल्या पापाचे दुःख, त्याचा तिटकारा आणि पुन्हा न करण्याचा निश्चय, हे त्या व्याख्येतले तिन्ही भाग प्रार्थनेत आजही आहेत.

खरा वाद दुःखाच्या कारणाचा. देवावरच्या प्रेमापोटी झालेला पश्चात्ताप परिपूर्ण, नरकाच्या भीतीने किंवा पापाच्या किळसेने झालेला अपूर्ण. अपूर्ण पश्चात्तापाला परिषदेने ढोंग म्हटले नाही. ती देवाचीच देणगी आहे आणि माणसाला पापकबुलीच्या संस्कारासाठी तयार करते, असे सांगितले. पण त्यात थोडेतरी प्रेम असावेच लागते का? या प्रश्नावर धर्मपंडित शंभरेक वर्षे भांडले. १६६७ साली रोमने दोन्ही पक्षांना एकमेकांवर ठपका ठेवण्यास मनाई केली, निकाल मात्र दिला नाही. प्रार्थनेच्या जुन्या रूपात दोन्ही कारणे लागोपाठ येतात: आधी स्वर्ग गमावण्याची आणि नरकयातनांची भीती, मग सर्वांत अधिक प्रेमळ देवाला दुखावल्याचे दुःख. धर्मशिक्षणात पिढ्यान् पिढ्या पहिल्या अर्ध्यावरच जोर पडला, हे नुकसानच झाले.

कारण परिपूर्ण पश्चात्तापाला व्यवहारात मोठे मोल आहे. शक्य तितक्या लवकर पापकबुली करण्याचा निश्चय असेल, तर त्याने गंभीर पापाचीही क्षमा धर्मगुरू भेटण्याआधी मिळते. १७३९ नंतर वसईतले युरोपीय धर्मगुरू गेले, तेव्हा ही शिकवण फार मोलाची होती. उत्तन किंवा पाचूबंदरच्या नाखव्याला भर समुद्रात ती आजही तितकीच लागू आहे. अपूर्ण पश्चात्ताप पुरतो, पण पापकबुलीच्या जोडीने.

मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या, आरंभी छातीवर मूठ मारत म्हणतात ती सामुदायिक कबुली वेगळी. तिने गंभीर पापाची संस्कारातली कबुली टळत नाही. १९७० च्या मिस्साग्रंथाने त्या कबुलीत कर्तव्य टाळल्याचे पापही घातले.

१९७३ च्या नव्या विधीने संस्कारातल्या प्रार्थनेसाठी अनेक पर्याय दिले. स्वतःच्या शब्दांतही ती करता येते. क्रम असा: पापे सांगणे, धर्मगुरूंचा उपदेश, नेमलेले प्रायश्चित्त स्वीकारणे, ही प्रार्थना, मग पापमोचन, म्हणजे धर्मगुरूंनी उच्चारलेली क्षमा. चुकते ते बहुधा शेवटी. पाठांतराच्या घाईत निश्चयाचे वाक्य गळते, किंवा धर्मगुरू पापमोचनाचे शब्द उच्चारत असताना प्रार्थना चालूच राहते. मधेच शब्द विसरले, तर "प्रभू येशू, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर" एवढे म्हणावे. विधीतल्या पर्यायांत तेही आहे.