कॉर्नरशॉप (ब्रिटिश इंडी रॉक बँड)

कॉर्नरशॉप हा इंग्लंडमधला इंडी रॉक बँड. साधारण १९९१ च्या सुमारास लेस्टर शहरात सुरू झाला. गाणी लिहिणारा आणि गाणारा तजिंदर सिंग आणि गिटारवाला बेन एअर्स हे दोघं पहिल्यापासूनचे, बाकी मंडळी येत-जात राहिली. इंडी म्हणजे मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांच्या बाहेर, छोट्या स्वतंत्र लेबलांवर वाढलेलं संगीत, एवढं इथे पुरे. मराठी वाचकाला हा बँड माहीत असतो तो 'ब्रिमफुल ऑफ आशा' या एका गाण्यामुळे, कारण त्यातली आशा म्हणजे आपल्या सांगलीच्या आशाताई भोसले. पण त्या गाण्याच्या आधी आणि नंतर मिळून तीस वर्षांचं काम आहे आणि ते बाजूला ठेवलं तर हे गाणंही नीट कळत नाही.

स्थापना नेमकी कुठली यावर संदर्भग्रंथांत एकमत नाही. तजिंदर आणि बेन प्रेस्टनच्या लँकशर पॉलिटेक्निकमध्ये शिकायला होते, तिथे त्यांचा जनरल हॅवॉक नावाचा बँड होता आणि त्याची 'फास्ट जसपाल' ही छोटी रेकॉर्डही निघाली होती, म्हणून काहीजण मूळ प्रेस्टनला नेतात. दुसरे लेस्टर धरतात, कारण तजिंदर, त्याचा भाऊ अवतार सिंग, बेन आणि ड्रमर डेव्हिड चेंबर्स हे चौघं कॉर्नरशॉप या नावाने तिथे एकत्र आले. साल कुणी १९९१ देतं, कुणी १९९२. जनरल हॅवॉक हा वेगळा, आधीचा बँड धरायचा आणि कॉर्नरशॉपची सुरुवात लेस्टरला मानायची, हेच जास्त पटतं, कारण या नावातच लेस्टर आहे.

तर नावाबद्दल. कॉर्नर शॉप म्हणजे कोपऱ्यावरचं छोटं दुकान, दूध-ब्रेड-पेपर-सिगारेट मिळणारं, रात्री उशिरापर्यंत उघडं, आपल्याकडच्या वाण्याच्या दुकानासारखं. १९७० नंतर इंग्लंडात अशी कितीतरी दुकानं भारतीय उपखंडातल्या कुटुंबांनी चालवायला घेतली. १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातून आशियाई लोकांना हाकललं, त्यातले बरेच लेस्टरला आले, आणि आमच्याकडे येऊ नका अशी जाहिरात लेस्टरच्या नगरपालिकेने युगांडातल्या पेपरात दिली होती तरीही आले. त्यामुळे 'आशियाई माणूस म्हणजे दुकानदार' हा शिक्का बसला. पंजाबी घरातल्या मुलांनी तोच शिक्का उचलून बँडला लावला. तजिंदर वाढला वुल्व्हरहॅम्प्टनमध्ये. स्थलांतरितांविरुद्धच्या १९६८ च्या भाषणामुळे बदनाम झालेला इनॉक पॉवेल याच शहराचा खासदार होता आणि तजिंदरचा जन्मही त्याच वर्षीचा. हे नाव म्हणजे नुसती गंमत आहे असं लिहिलेलं सापडतं, ते मान्य करता येत नाही.

सुरुवातीचा काळ भांडणाचा आहे. स्मिथ्स या बँडचा माजी गायक मॉरिसी ऑगस्ट १९९२ मध्ये लंडनच्या फिन्सबरी पार्कातल्या मैफलीत युनियन जॅक अंगाभोवती घेऊन स्टेजवर आला, मागे स्किनहेड मुलींचा (डोकं भादरणाऱ्या या टोळ्यांचं नाव तेव्हा वंशद्वेषाशी जोडलं जायचं) मोठा फोटो होता, आणि त्याच्या आधीच्या एका गाण्यातल्या बंगाली माणसाबद्दलही नाराजी होतीच. त्यानंतर कॉर्नरशॉपच्या मंडळींनी त्याची रेकॉर्ड कंपनी ईएमआयच्या ऑफिसबाहेर त्याचं पोस्टर जाळलं. संगीताच्या साप्ताहिकांत हे गाजलं, आणि पुढे बरेच दिवस बँडचं नाव निघालं की आधी हेच सांगितलं जायचं. मॉरिसी हा तोवर इंडीवाल्यांचा देवच होता, त्यामुळे त्याच गोटातल्या पोरांनी हे करायला हिंमत लागली असणार.

लेबल होतं विजा. या नावाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. लंडनच्या टॅलबॉट रोडवरच्या रफ ट्रेड या रेकॉर्डच्या दुकानातल्या लोकांनी हे लेबल काढलं आणि दुकानाचा पिनकोड होता डब्ल्यू, मग तीन वेळा एक, मग जे आणि ए. त्या तीन एकांच्या जागी इंग्रजी आय हे अक्षर तीनदा लिहिलं की झालं विजा. १९९३ मध्ये इथून 'इन द डेज ऑफ फोर्ड कॉर्टिना' निघाली, करीच्या रंगाच्या तबकडीवर. १९९४ मध्ये पहिला पूर्ण अल्बम 'होल्ड ऑन इट हर्ट्स' आला. गिटारचा गोंगाट, मधेच ढोलकी, मधेच सतार, शब्दांत राग. वाजवणं कच्चं आहे अशी टीका झाली आणि ती अगदीच चुकीची नव्हती.

'वुमन्स गॉटा हॅव इट' (१९९५) पासून वळण दिसतं. यातलं '६ एएम जालंधर शेर' हे पंजाबी गाणं जवळजवळ एकाच कॉर्डवर उभं आहे, बदल असा होतच नाही, खाली एक सूर धरून ठेवलेला आणि त्यावर शब्द फिरतात. तंबोऱ्याची सवय असलेल्या कानाला यात नवल वाटत नाही, रॉकवाल्यांना अमेरिकेतले व्हेल्वेट अंडरग्राउंड आठवतात. दोन्ही बरोबर असावं. अमेरिकेत हे संगीत टॉकिंग हेड्स या रॉक बँडच्या डेव्हिड बर्नच्या लुआका बॉप लेबलने काढलं. पुढे १९९७ च्या आसपास लंडनमध्ये टाल्विन सिंग वगैरेंचा जो एशियन अंडरग्राउंड नावाचा प्रवाह आला त्यात कॉर्नरशॉपलाही घालायची पद्धत आहे, पण तो क्लबमधल्या इलेक्ट्रॉनिक संगीताचा प्रवाह आणि हे गिटारच्या बाजूने आलेले लोक, तेव्हा वेगळं ठेवलेलं बरं.

'व्हेन आय वॉज बॉर्न फॉर द सेव्हन्थ टाइम' (सप्टेंबर १९९७) हा त्यांचा सगळ्यात मान मिळालेला अल्बम, अमेरिकेतल्या स्पिन मासिकाने तो वर्षातला पहिल्या क्रमांकाचा ठरवला. यात हिपहॉप आहे, अमेरिकन गायिका पॉला फ्रेझरसोबतचं कंट्री, म्हणजे तिकडचं गावाकडच्या ढंगाचं संगीत आहे, त्याच वर्षी एप्रिलमध्ये वारलेल्या कवी ॲलन गिन्सबर्गचा आवाज आहे, आणि शेवटी बीटल्सचं 'नॉर्वेजियन वुड' चक्क पंजाबीत. १९६५ च्या मूळ गाण्यात जॉर्ज हॅरिसनने सतार वाजवली होती, ती उधार नेलेली वस्तू इथे भाषेसकट घरी आणली.

आणि याच अल्बममध्ये 'ब्रिमफुल ऑफ आशा'. आधी एक गैरसमज दूर करायला हवा: या गाण्यात आशाताईंचा आवाज नाही, गाण्याचा तुकडाही नाही. हे गाणं त्यांच्याबद्दल आहे, खरं तर त्यांच्या रेकॉर्डबद्दल. ब्रिमफुल म्हणजे काठोकाठ भरलेलं, आशा म्हणजे नाव आणि उमेदही, आणि मुखड्यात पुन्हापुन्हा येणारा ४५ हा आकडा म्हणजे मिनिटाला पंचेचाळीस फेरे घेणारी सात इंची तबकडी. आपल्याकडे एचएमव्हीच्या सिनेमाच्या गाण्यांच्या छोट्या ईपी याच वेगाच्या असायच्या, बहुतेक वेळा एका बाजूला दोन गाणी. गाण्यात लता मंगेशकर आणि मोहम्मद रफी यांचीही नावं येतात, आणि त्यांच्या शेजारी फ्रेंच गायक जाक द्युत्राँ, ब्रिटिश रॉक गायक मार्क बोलन, जमैकन संगीताचं लेबल ट्रोजन रेकॉर्ड्स, ऑल इंडिया रेडिओ, टू-इन-वन. म्हणजे वुल्व्हरहॅम्प्टनमधल्या एका घरात जे जे वाजत असेल ते सगळं एका ओळीत बसवलेलं. यात आशाताईंना विदेशी मसाल्यासारखं वापरलेलं नाही, बोलनच्या बरोबरीने मांडलंय, आणि मला वाटतं गाण्याचं मोठेपण इथेच आहे.

एका कडव्यात सरकारी इशारे, साध्या राहणीचा प्रचार आणि बांधली जाणारी धरणं यांची आम्हाला पर्वा नाही असा अर्थ येतो. कोणती धरणं? नव्वदच्या दशकातलं गाणं म्हणून नर्मदा आणि सरदार सरोवर आठवतं, आपल्या वाचकाला तर नक्कीच. पण गाण्यात नदीचं नाव नाही आणि आजूबाजूच्या सगळ्या वस्तू साठ ते ऐंशीच्या दशकातल्या आहेत, त्यामुळे सिनेमा सुरू होण्याआधी थिएटरात दाखवल्या जाणाऱ्या सरकारी प्रचारपटांशी ते जास्त जुळतं.

मूळ गाणं १९९७ मध्ये ब्रिटिश चार्टवर फक्त ६० व्या नंबरपर्यंत गेलं, मात्र बीबीसी रेडिओवरचा निवेदक जॉन पील याच्या श्रोत्यांनी त्याला वर्षातलं पहिलं गाणं निवडलं. मग डीजे नॉर्मन कुकने, म्हणजे फॅटबॉय स्लिमने, रिमिक्स केलं, वेग वाढवला, ड्रम जड केले, तजिंदरचा आवाजही वर चढला. ज्यांच्या घरी फिएस्टा रेकॉर्ड प्लेअर होता त्यांना माहीत असेल की ३३ ची तबकडी ४५ वर लावली की गाणं १.३५ पट पळतं आणि आवाज चिरका होतो, कुकने एवढं ताणलं नाही पण तत्त्व तेच. फेब्रुवारी १९९८ मध्ये हे रूप ब्रिटनमध्ये एक आठवडा पहिल्या नंबरवर होतं. मूळ संथ आहे आणि त्यात शब्द नीट ऐकू येतात, आधी ते ऐकावं.

पुढचं 'स्लीप ऑन द लेफ्ट साइड' २३ व्या नंबरपर्यंत गेलं. तेवढी लोकप्रियता परत आली नाही. तजिंदर आणि बेन यांनी क्लिंटन या नावाने डिस्कोकडे झुकणारा एक अल्बम केला, मग 'हँडक्रीम फॉर अ जनरेशन' (२००२) मध्ये ओॲसिस या ब्रिटिश बँडच्या नोएल गॅलघरने एका लांबलचक गाण्यात गिटार वाजवली. नंतर काही वर्षं शांतता. 'जुडी सक्स अ लेमन फॉर ब्रेकफास्ट' (२००९) पासून स्वतःच्या ॲम्पल प्ले लेबलवर काम सुरू झालं. २०११ चा अल्बम बबली कौर या गायिकेसोबतचा, पूर्ण पंजाबी, आणि त्यावर फार कमी लिहिलं गेलंय, खरं तर लोकगीताची चाल आणि ढिला फंक ठेका यांचा असा मेळ त्यांनीही आधी साधला नव्हता. 'अर्बन टर्बन' २०१२ मध्ये. 'इंग्लंड इज अ गार्डन' मार्च २०२० मध्ये आला, त्याची परीक्षणं चांगली आली, पण त्याच महिन्यात कोविडमुळे सगळीकडे मैफली बंद पडल्या.