अँड्र्यू मोशन आणि लार्किन यांचे कागद

इंग्रज कवी अँड्र्यू मोशन यांचं नाव निघालं की बोलणं ब्रिटनच्या राजकवीपदाच्या दहा वर्षांवर येऊन थांबतं. इंग्रजी कवितेवर त्यांचा सर्वांत खोल परिणाम झाला तो मात्र त्याआधी, हस्तलिखितं हाताळणारा संपादक म्हणून.

१९७६ मध्ये चोविशीतले मोशन हल विद्यापीठात इंग्रजी शिकवायला गेले. तिथले ग्रंथपाल होते नामवंत कवी फिलिप लार्किन, वयाने तीस वर्षांनी मोठे. दोघांची मैत्री जमली. पुढे मोशन लंडनला परतले, आधी एका काव्यविषयक त्रैमासिकाचे संपादक झाले आणि मग एका जुन्या प्रकाशनसंस्थेत कवितासंग्रहांचं काम पाहू लागले. १९८२ मध्ये सहसंपादकासह काढलेल्या ‘समकालीन ब्रिटिश’ कवितेच्या निवडीत उत्तर आयर्लंडचे कवीही होते. त्यांतल्या सर्वांत नामवंत कवीने पुढच्याच वर्षी पद्यात जाहीर हरकत घेतली: मी ब्रिटिश नाही.

लार्किन २ डिसेंबर १९८५ रोजी वारले. त्यांच्या तीसेक रोजनिश्या त्यांच्याच इच्छेनुसार सेक्रेटरीने ग्रंथालयातल्या कागद कापायच्या यंत्रात घातल्या. मागे राहिले कवितांचे मसुदे, अप्रकाशित लेखन आणि पत्रं. मृत्युपत्रातल्या एका कलमात अप्रकाशित लेखन न वाचता नष्ट करावं असं होतं, तर दुसऱ्या कलमात तेच लेखन वाङ्मयीन व्यवस्थापकांच्या (लेखकामागे त्याचं लेखन सांभाळायला नेमलेल्यांच्या) सल्ल्याने छापायची मुभा विश्वस्तांना होती. दोन वाङ्मयीन व्यवस्थापकांपैकी एक होते मोशन. ज्येष्ठ वकिलाचं मत घेतलं गेलं. ही कलमं एकमेकांना छेद देतात, त्यामुळे नष्ट करण्याचं बंधन उरत नाही, असं ते मत पडलं.

कागद जपून छापण्याच्या या निर्णयावरचा वाद आजही संपलेला नाही. रोजनिश्या नष्ट करायला लावणाऱ्या माणसाची इच्छा पुरेशी स्पष्ट होती, वकिली पळवाट काढली गेली, असं विरोधक म्हणतात. हा आक्षेप पटत नाही. रोजनिश्यांबद्दल लार्किन यांनी नेमकी सूचना दिली होती आणि ती पाळली गेली. बाकीचे कागद स्वतः जाळायला त्यांना कुणी अडवलं नव्हतं. शिवाय ते आयुष्यभर ग्रंथपाल होते. लेखकांची हस्तलिखितं देशाबाहेर विकली न जाता इथल्याच ग्रंथालयांत जपावीत, असा त्यांचा जाहीर आग्रह होता आणि स्वतःची एक वही त्यांनी हयातीतच देऊन टाकली होती.

निर्णय बरोबर होता, अंमलबजावणीत मात्र चुका झाल्या. १९८८ ची समग्र कविता दुसऱ्या व्यवस्थापकाने संपादित केली. १९७९ मध्ये पूर्ण होऊनही लार्किन यांनी न छापलेली एक कविता त्यामुळेच वाचकांपर्यंत पोचली. पण सगळ्या कविता लेखनाच्या तारखांनुसार लावल्याने लार्किन यांनी प्रत्येक संग्रहात विचारपूर्वक ठरवलेला क्रम मोडला. तो २००३ च्या आवृत्तीत परत आला. निवडक पत्रं १९९२ मध्ये आली आणि त्यांतल्या वंशद्वेषी व स्त्रियांविषयीच्या घाणेरड्या मजकुराने खळबळ उडाली. मोशन यांनी लिहिलेलं चरित्र निघालं ते त्यानंतर, १९९३ मध्ये. पत्रांना संदर्भ देणारा मजकूर त्यात होता, पण तोवर मतं बनून गेली होती. कागदांवर अधिकार असणारा माणूसच चरित्रकार, ही गोष्ट अवघड होती हे नाकारण्यात अर्थ नाही.

राजकवीपद १९९९ मध्ये आलं. तोवर ते तहहयात असे, मोशन यांच्यापासून दहा वर्षांचं झालं. वर्षाला पाच हजार पौंड मानधन आणि परंपरेने मिळणारी शेरी ही वाइन. राजघराण्याच्या प्रसंगांवर लिहिण्याची सक्ती नव्हती, अपेक्षा होती, आणि त्या अपेक्षेखाली आपली कविता आटली असं त्यांनी पुढे सांगितलं. तरी २००३ मध्ये पदावर असतानाच त्यांनी इराक युद्धाविरुद्ध कविता लिहिली.

याच काळातलं त्यांचं टिकाऊ काम म्हणजे २००५ मध्ये एका ध्वनिमुद्रण निर्मात्यासोबत उभा केलेला काव्यवाचनांचा ऑनलाइन संग्रह. कवी-कादंबरीकार टॉमस हार्डी १९२८ पर्यंत जगले, ध्वनिमुद्रणाची सोय तोवर कधीच झाली होती, तरी त्यांचं नीट काव्यवाचन कुणी मुद्रित केलं नाही. पुढच्या कवींच्या बाबतीत असं होऊ नये म्हणून इथे कवींकडून त्यांच्याच आवाजात कविता वाचून घेतल्या जातात आणि त्या कुणालाही फुकट ऐकता येतात.